स्कॅनच्या चिठ्ठीत कामाचाही रकाना हवा

छातीच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘नोड्यूल’ हा शब्द दिसला, की घरात कॅन्सरची धास्ती बसते. खरे तर नोड्यूल म्हणजे ३ सेंटिमीटरपर्यंतची गोलसर गाठ. ते रोगाचे नाव नव्हे. अशा अनेक बारीक गाठी असतील, तर त्या कुठे आणि कशा पसरल्या आहेत, यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. कोंब फुटलेल्या फांदीसारखी रचना बहुधा संसर्ग सुचवते. बाजरीच्या दाण्यांसारखे सर्वत्र विखुरलेले ठिपके क्षयाचे असू शकतात, तसेच दुसऱ्या अवयवातून पसरलेल्या कॅन्सरचेही. वरच्या भागातल्या गाठी क्षयात दिसतात, तशाच दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसमध्येही.

गफलत इथेच होते. आपल्याकडे क्षय जास्त, म्हणून खडी फोडणाऱ्या कामगाराच्या थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी क्षयाची औषधे सुरू होतात. सिलिकोसिस त्यांनी बरा होत नाही आणि धुळीतले काम सुरूच राहते. सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षयाचा धोकाही अधिक असतो, त्यामुळे दोन्ही तपासावे लागतात. शिवाय सिलिकोसिसची नोंद कायद्याने बंधनकारक आहे; निदानच चुकले, तर भरपाई मागायची कशाच्या आधारे?

म्हणून स्कॅनच्या चिठ्ठीत वयाशेजारी ‘काम काय करता?’ हा रकाना हवा. डॉक्टरांनी विचारले नाही, तर रुग्णाने आपणहून सांगावे.