किचनची टाइल बदलताय? आधी तिच्या खालचं पाहा

मॅट घ्यायची की ग्लॉसी, फिकी की गडद, यावर टाइलच्या दुकानात तासभर चर्चा होते. पण ती टाइल कशावर बसणार, हे मात्र आपण मिस्त्रीवर सोडून मोकळे होतो. किचनच्या फरशीवर रोज पाणी सांडतं, भरलेला सिलिंडर सरकतो, कधी हातातून कुकर निसटतो. टाइलखाली पोकळी असेल तर महागातली टाइलही तिथेच तडकते.

फ्लॅटमध्ये सहसा दोनच पर्याय असतात. जुनी फरशी फोडून नवा थर घालायचा, नाहीतर जुन्या टाइलवरच नवी चिकटवायची. दुसरा पर्याय स्वस्त आणि झटपट. डेब्रिज नाही, शेजाऱ्यांची कुरबुर नाही. म्हणून तोच घ्यावा का?

लाटण्याने ठोकून पाहा

हे तुमची जुनी फरशीच सांगेल. लाटण्याच्या टोकाने प्रत्येक टाइल हलकेच ठोका. भरीव आवाज आला तर पकड चांगली आहे. पोकळ आवाज आला तर तिथे खडूने फुली मारा. चार-पाच फुल्या असतील तर तेवढ्याच टाइल काढून जागा भरून घेता येते. अर्ध्या किचनभर फुल्या पडल्या तर मात्र फरशी फोडलेलीच बरी. खालच्या मजल्यावरच्या काकू छताला ओल आल्याचं सांगत असतील, तर आधी गळती शोधा. वर नवी टाइल चिकटवली की गळती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते.

मग उंची मोजा. टाइलवर टाइल म्हणजे साधारण 12 ते 15 मिलिमीटर वाढ. दरवाजा खालून तासावा लागेल, पाणी जाण्याची जाळी वर घ्यावी लागेल आणि पॅसेजमधून येताना छोटी पायरी तयार होईल. घरात सासू-सासरे असतील तर याच पायरीचा आधी विचार करा. तिथे उतरती पट्टी बसवता येते.

काही मिस्त्री जुन्या टाइलवरच सिमेंट-वाळूचा थर घालू म्हणतात. याला स्पष्ट नाही म्हणा. दीड इंचाचा थर म्हणजे चौरस फुटाला साधारण साडेसात किलो. 80 चौरस फुटांच्या किचनमध्ये स्लॅबवर जवळपास सहाशे किलो विनाकारण चढतात.

सिमेंट की अॅडहेसिव्ह?

व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम 0.5 टक्के किंवा त्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे नुसत्या सिमेंटची तिला नीट पकड बसत नाही. फरशी फोडली तरी नवा थर सपाट करून, सुमारे आठवडाभर पाणी मारून आणि सुकवून त्यावर अॅडहेसिव्हनेच टाइल बसवा. तेवढे दिवस स्वयंपाकाची सोय दुसरीकडे करावी लागेल, हे खरं. अॅडहेसिव्हच्या पिशवीवर आयएस 15477 हा क्रमांक पाहा. जुन्या टाइलवर लावणार असाल, तर त्यासाठी ते चालतं असं पिशवीवर लिहिलेलं हवं.

काम चालू असताना एकदा किचनमध्ये डोकवा. अॅडहेसिव्ह दातेरी थापीने सगळीकडे पसरलेलं हवं, पाच ठिकाणी गोळे नकोत. ताजी बसवलेली एखादी टाइल उचलून दाखवायला सांगा. मिस्त्री थोडा वैतागेल, वैतागू दे. मागची बाजू कोपऱ्यांसकट माखलेली दिसली पाहिजे. आणि फ्रीज जागेवर सरकवण्याची घाई करू नका, पिशवीवर दिलेला वेळ पूर्ण होऊ द्या.