अंगण खरंच वाकडं असेल तर?

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण ज्यानं काढली, त्यानं पुण्यातला टू-बीएचके पाहिलेला नसणार! इथे अंगण खरोखरच वाकडं असतं. दाराशी चपलांचा कोपरा, पुढे हॉल, हॉलला काटकोनात चिकटलेलं डायनिंग आणि मागच्या बाजूला टेरेसचं स्लायडिंग डोअर. ब्रोशरमध्ये याचं नाव ‘एल-शेप लिव्हिंग-डायनिंग’. टीव्ही कुठे लावायचा, हे तर बिल्डरच्या इलेक्ट्रिशियननं पॉइंट काढून आधीच ठरवून टाकलेलं.

बावधनच्या एका मित्राच्या अशाच हॉलमध्ये फाइव्ह-पॉइंट-वन सिस्टीम आली. घर नवं, ईएमआय नवा, हौस मात्र कॉलेजपासूनची. रविवारी आई-बाबांसकट सगळ्यांनी मिळून पिक्चर बघायचा, असा बेत. दुसऱ्याच रविवारी इंटरव्हलच्या आत बाबा उठले. ‘काय बोलतात ते कळत नाही रे, नुसतं धडामधूम!’ असं म्हणून बेडरूममध्ये मोबाइलवर नाटक बघत बसले. हॉलमध्ये पाच स्पीकर आणि एक सबवूफर, आणि बाबांच्या हातात मोबाइल... मित्राला हे फार लागलं. त्याचा उपायही ठरलेला होता, आणखी दोन स्पीकर घेऊ! म्हटलं, थांब. आधी मोजपट्टी आण.

घोळ असा होता. डाव्या स्पीकरच्या शेजारी दोन फुटांवर भिंत, त्यामुळे त्याचा आवाज भिंतीवर आपटून पुन्हा सोफ्याकडे येणार. उजव्या बाजूला भिंतच नाही. तिकडचा आवाज सरळ डायनिंगमध्ये जाणार आणि फ्रिजला भेटून उशिरा परतणार. सगळा सिनेमा डावीकडे कललेला!

आपण स्पीकर भिंतींच्या हिशेबानं मांडतो, एकेका कोपऱ्यात एकेक. ‘एल’मध्ये हा हिशेब जुळणारच नाही. म्हणून भिंती विसरा, सोफा धरा. सोफ्याच्या मध्यावर कान आहेत असं समजून समोरचे दोन स्पीकर कानापासून सारख्या अंतरावर ठेवा, आणि त्या दोघांमधलं अंतरही तेवढंच. झाला समभुज त्रिकोण! आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतही हेच आहे: समोरचे स्पीकर मध्यरेषेपासून ३०-३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागे. पार मागच्या कोपऱ्यात नव्हे.

उजव्या सराउंडला भिंत नव्हती, तर त्याला स्टँडवर उभं केलं. तो डाव्यापेक्षा तीन फूट लांब गेला. बिघडलं काही नाही. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे हा स्पीकर पावणेतीन मिलिसेकंद उशिरा पोचणार. रिसिव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचं खरं अंतर भरलं की तो जवळच्यांना तेवढं थांबवून धरतो. ऑटो सेटअपचा माइक असेल तर उत्तमच, फक्त तो उशीवर ठेवू नका, कानाच्या उंचीवर धरा. वायर? केसिंग-कॅपिंगच्या पट्टीतून. तपकीर गल्लीत अर्ध्या तासाचं काम, पार्किंग मिळालं तर.

मग डावी भिंत. तिथे पुस्तकांचं कपाट सरकवलं, कारण लहानमोठी पुस्तकं आवाज विखुरतात. जमिनीवर दोन बाय दोनच्या चकचकीत टाइल्स होत्या, त्यांवर जाड गालिचा आला. स्लायडिंगच्या काचेला भरदार पडदा. आधी टाळी वाजवली की ‘टर्रर्र’ असा घुमारा यायचा, तो गेला. भिंतीवर ते काळे फोमचे चौकोन मात्र चिकटवू नका, प्लीज! पातळ फोम वरचे सूर खातो, बासला हातही लावत नाही. शिवाय हॉल गॅरेजसारखा दिसतो.

बाबांचा प्रॉब्लेम सापडला टीव्ही युनिटमध्ये. सिनेमातले बहुतेक संवाद सेंटर स्पीकरमधून येतात. आणि हा स्पीकर कुठे? खालच्या कप्प्यात, काचेच्या दारामागे, सेट-टॉप बॉक्सच्या शेजारी! त्याला बाहेर काढून कडेला आणला, खाली रबराचे तुकडे सारून तोंड कानाकडे वर केलं आणि लेव्हल दोन डेसिबल वाढवली. रिसिव्हरचा नाइट मोडही ऑन केला. त्यानं स्फोट आणि कुजबुज यांतलं अंतर कमी होतं. शेजाऱ्यांशी संबंधही टिकतात.

राहिला सबवूफर. बारा फुटी भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा सूर घुमतो, काही जागी प्रचंड, काही जागी गायब. इथे सोफ्यावर बास गायब आणि डायनिंगवर भाजी निवडणाऱ्या आईच्या पुढ्यातली पातेली थरथरत होती. यावर एक जुनी युक्ती आहे. सबवूफर चक्क सोफ्यावर ठेवायचा, बासवालं गाणं लावायचं आणि आपण हॉलभर रांगत हिंडायचं. जिथे बास नीट, भरीव ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. मित्र रांगत असताना खालच्या मजल्यावरचे काका तक्रार घेऊन आले, त्यांनी दारातून हे दृश्य पाहिलं आणि काही न बोलता परत गेले. (सबवूफरखाली जाड फोमचं पॅड घातलंय. तरी स्लॅबमधून थोडं जाणारच.) सोफाही मागच्या भिंतीपासून फूटभर पुढे आला. भिंतीला टेकून बास उगाच फुगतो.

टेस्टला ‘सैराट’ लावला. २०१६च्या या सिनेमाचा ऑर्केस्ट्रा अजय-अतुलनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला होता, तेव्हा व्हायोलिन्सची रुंदी तपासायला याहून बरं काय? पण खरी परीक्षा शेवटच्या प्रसंगात. तिथे नागराज मंजुळेंनी आवाजच काढून घेतलाय. त्या शांततेत आम्हाला पंख्याची घरघर ऐकू आली, आणि बेडरूमचं दार उघडल्याचा आवाज.

बाबा येऊन सोफ्याच्या मधोमध बसले. म्हणजे नेमके त्या जागेवर, जिच्यासाठी आम्ही दिवसभर मोजपट्टी धरली होती. मित्र आता कडेच्या खुर्चीत बसतो. तिथून सगळं अजून थोडं डावीकडेच ऐकू येतं म्हणे.