समुद्रातले १४ दिवस

मावल्यापासून समुद्र खूप दूर. तरी ओएनजीसीची जाहिरात आली की आपल्याकडची इंजिनिअर मुलं अर्ज भरतातच. ‘१४ दिवस काम, १४ दिवस सुट्टी’ हे ऐकायला छान वाटतं. पण ते कामाचे १४ दिवस कसे असतात?

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात ‘मुंबई हाय’ आहे. तिथून १९७६ पासून तेल निघतं. विहिरीतून तेल, वायू आणि पाणी एकत्रच वर येतं. प्लॅटफॉर्मवर ते वेगळं करून तेल आणि वायू समुद्रतळावरच्या पाइपलाइनने उरणला पाठवतात. माणसं हेलिकॉप्टरने जातात, १२ तासांची पाळी करतात आणि तिथेच झोपतात. साध्या वेल्डिंगलाही लेखी परवानगी लागते, कारण आजूबाजूच्या पाइपांतून सतत वायू वाहत असतो.

२७ जुलै २००५ ला एक जहाज अशाच पाइपला धडकलं. वायूने पेट घेतला आणि अख्खा प्लॅटफॉर्म जळाला. २२ जण गेले, ३६२ जणांना वाचवलं.

अर्ज जरूर भरा. पण पगाराइतकंच सुरक्षेच्या प्रशिक्षणाबद्दलही विचारा. आणि आई-बाबांशी आधी बोला: घरी कुणी आजारी पडलं, तरी तिथून लगेच निघता येत नाही.