‘धीर धर’ म्हणण्यापूर्वी



रायगडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी आपणांस परिचित असेल. तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरणाऱ्या हिरकणीची आख्यायिका सांगताना आपण तिच्या धैर्याचा गौरव करतो. तिला त्या वेळी काय वाटले असेल, हे क्वचितच विचारतो. मनाने खचलेल्या माणसाशी बोलतानाही असेच घडते.

याच महाड तालुक्यातील तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. अशा आघातातून वाचलेली व्यक्ती पुढे पावसाच्या आवाजानेही अस्वस्थ होऊ शकते. तिला आपण सहज सांगतो, ‘धीर धर.’

येथे मराठीचे व्याकरण आपल्याहून समंजस ठरते. ‘मला भीती वाटते’ या वाक्यात ‘मला’ चतुर्थीत आहे. कर्ता आहे ‘भीती’. म्हणजे भीती माणूस निर्माण करत नाही, ती त्याच्या वाट्याला येते. ‘धीर धर’ हे आज्ञार्थी वाक्य मात्र त्यालाच कर्ता करते आणि धीर धरता आला नाही, तर दोषीही. ‘तो वेडा आहे’ हे वाक्य तर आजारालाच त्याची ओळख बनवते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला आहे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मदत मिळते. परंतु तेथवर पोहोचण्याचे बळ बहुधा जवळच्या माणसाने ऐकून घेतल्यावरच येते. म्हणून उपदेशाआधी ‘तुला काय वाटते?’ असे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत आपण थांबावे.