व्यवस्थापनाची पदवी आणि प्रवेशपरीक्षेचे द्वार

2024-25 या शैक्षणिक वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीएमएस, बीबीएम आणि बीसीए हे पदवी-अभ्यासक्रम आपल्या नियमनाखाली घेतले, आणि त्यापाठोपाठ महाराष्ट्र शासनाने त्यांच्या प्रवेशासाठी सामाईक प्रवेशपरीक्षा अनिवार्य केली. तोपर्यंत बहुतेक ठिकाणी बारावीचा निकाल लागला की विद्यार्थी गुणपत्रिका घेऊन महाविद्यालयात जाई, अर्ज दाखल करी, आणि गुणवत्ता यादीत नाव लागले की शुल्क भरून वर्गात रुजू होई. या साध्या रीतीच्या जागी आलेल्या परीक्षेचे समर्थन करणाऱ्यांत शिक्षणाची खरी कळकळ असलेली माणसेही आहेत, म्हणून त्यांचा पूर्वपक्ष आदराने मांडून मगच त्याचे खंडन करणे उचित होईल.

त्यांचे पहिले म्हणणे असे की, राज्य मंडळ, केंद्रीय मंडळ आणि इतर मंडळे यांची गुणदानाची रीत भिन्न असल्यामुळे एका मंडळाचे ऐंशी टक्के दुसऱ्याच्या ऐंशी टक्क्यांशी तोलता येत नाहीत, सबब सर्वांना एकच मोजपट्टी लावली पाहिजे. युक्तिवाद निर्दोष आहे. परंतु मोजपट्टीचे प्रयोजन जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ असतील तेथेच उत्पन्न होते. 2024 साली राज्यात या अभ्यासक्रमांच्या जागा एक लाखाहून अधिक होत्या, आणि 29 मे रोजी झालेल्या पहिल्या परीक्षेस बसलेले विद्यार्थी पन्नास हजारांच्या आत होते. जेथे प्रत्येक परीक्षार्थीमागे दोन जागा रिकाम्या उभ्या आहेत, तेथे तुलना कोणाची कोणाशी करावयाची? अशी परीक्षा गुणवंताला निवडीत नाही; जो परीक्षेस आलाच नाही, त्याला मात्र ती बाहेर ठेवते. पुढे ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली आणि तरीही हजारो जागा रिक्त राहिल्या. मुंबई विद्यापीठाशी संलग्न अनेक महाविद्यालयांनी तर बीएमएस हे नाव सोडून त्याच धर्तीचा अभ्यासक्रम ‘बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)’ या नावाखाली चालविला, म्हणजे नियमन टळले आणि परीक्षाही टळली. ज्या नियमातून बाहेर पडण्यासाठी प्रतिष्ठित संस्थांना नाव बदलावे लागते, त्या नियमाचा फेरविचार करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

हे परीक्षेस न आलेले विद्यार्थी कोण होते, याचा विचार पूर्वपक्षाने केलेला नाही. त्या वर्षी परीक्षेच्या अर्जाची मुदत एप्रिलमध्येच संपली होती आणि बारावीचा निकाल 21 मे रोजी लागला. शहरातील ज्या घरात थोरला भाऊ किंवा बहीण याच वाटेने गेली आहे, तेथे मुदतीची खबर वेळेवर पोहोचते. तालुक्याच्या गावची जी मुलगी निकाल हाती आल्यावर प्रथमच वडिलांशी पुढच्या शिक्षणाचे बोलणे काढते, तिला ते दार महिनाभरापूर्वीच बंद झालेले आढळते. जी अर्ज भरू शकली तिचीही यातायात तेथे संपत नाही. परीक्षेनंतर केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेची निराळी नोंदणी, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जातवैधता, आणि या प्रत्येक कागदासाठी सेतू केंद्राच्या खेपा.

दुसरे म्हणणे अधिक गंभीर आहे: व्यवस्थापन हे पाठांतराचे शास्त्र नव्हे, म्हणून बारावीच्या गुणांपेक्षा कल तपासणारी परीक्षा श्रेयस्कर. मग ती प्रश्नपत्रिकाच पाहू. नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न, म्हणजे प्रत्येकास चोपन्न सेकंद; त्यांपैकी चाळीस इंग्रजी भाषेचे, तीस तर्कशक्तीचे, पंधरा सामान्यज्ञानाचे आणि पंधरा संगणकाच्या प्राथमिक माहितीचे. हिशेब, अर्थशास्त्र किंवा व्यापार यांच्यासाठी एकही स्वतंत्र विभाग नाही. याच्या शेजारी बारावी वाणिज्यच्या ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ या विषयातील भागीदाराच्या प्रवेशाचे एखादे उदाहरण ठेवा. नवा भागीदार भांडवल आणि ख्यातीची रक्कम घेऊन पेढीत येतो. जुन्या मालमत्तेचे पुनर्मूल्यांकन करावे लागते, त्यातील नफातोटा जुन्या भागीदारांत त्यांच्या जुन्या प्रमाणात वाटावा लागतो, संशयित कर्जनिधी वाढवावा लागतो, आणि अखेरीस नव्या ताळेबंदाच्या दोन्ही बाजू पैन्‌पै जुळाव्या लागतात. न जुळल्यास मागे जाऊन आपली चूक आपणच हुडकून काढावी लागते. ही चिकाटी, ही क्रमबद्धता आणि दुसऱ्याच्या पैशाविषयीची ही जबाबदारी हाच व्यवस्थापनाचा पाया नव्हे काय? दोन वर्षे मराठीतून ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ आणि ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’ अभ्यासलेल्या मुलाला या परीक्षेत त्या अभ्यासाचे श्रेय शून्य, आणि इंग्रजी संभाषणाच्या घरात वाढलेल्याला चाळीस गुणांचा आधार, हा भेद कलाचा नसून परिस्थितीचा आहे.

कोणी इतिहासाचा दाखला देतात की, मुंबई विद्यापीठाने प्रारंभापासून स्वतःची प्रवेशपरीक्षा घेतलीच होती. 1859 साली माधवराव रानडे ज्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत उत्तीर्ण झाले, ती तीच. परंतु मॅट्रिक ही शाळेत शिकविलेल्या विषयांचीच परीक्षा होती, आणि विद्यापीठात शिरण्याचे ते एकच द्वार होते. आज बारावीची परीक्षा नेमके तेच कार्य करीत असताना तिच्यावर दुसरी परीक्षा लादणे म्हणजे राज्याने आपल्याच मंडळाच्या गुणपत्रिकेवर अविश्वास दाखविणे होय.

शैक्षणिक दर्जाचा मुद्दा राहिला. दोन खोल्यांत आणि अपुऱ्या अध्यापकांवर चालणाऱ्या संस्थांना आळा बसलाच पाहिजे, आणि तेवढ्यापुरते परिषदेचे नियमन मला पूर्णतः मान्य आहे. तथापि तपासणी संस्थेची व्हावी. तिच्या ग्रंथालयाची, अध्यापकांच्या अर्हतेची, शुल्काच्या पावत्यांची. संस्थेच्या दोषाचा दंड विद्यार्थ्याकडून वसूल करण्याचे कारण नाही.

माझा पक्ष असा की, कोणत्याही शाखेतून बारावी किंवा तीन वर्षांची पदविका उत्तीर्ण झालेल्यास किमान गुणांच्या अटीवर या पदवीचे द्वार मोकळे असावे आणि प्रवेश गुणवत्ता यादीनेच व्हावा. मुंबई विद्यापीठाच्या बीएमएसमध्ये वाणिज्य, कला, विज्ञान आणि पदविकाधारक यांना निरनिराळा हिस्सा राखून ठेवण्याची रीत होती; वर्गात हिशेब जाणणारा, समाजशास्त्र वाचलेला आणि गणितात मुरलेला असे तिघे शेजारी बसत, ही तिची मोठी देणगी होती, व ती सर्वत्र लागू करावी. प्रवेशानंतरच्या पहिल्या सत्रात कला आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना लेखाकर्माचा, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांना व्यावसायिक इंग्रजीचा पूरक वर्ग सक्तीने व विनाशुल्क द्यावा. कारण इंग्रजी येणे ही शिक्षणाची फलश्रुती असू शकते, प्रवेशाची पूर्वअट नव्हे. ज्या संस्थांत जागा खरोखर दुर्मीळ आहेत, जसे इंदूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचा 2011 साली सुरू झालेला पाच वर्षांचा अभ्यासक्रम, तेथे स्वतंत्र परीक्षा अवश्य असावी. तिची गरज मी नाकारीत नाही.

आणि राज्याची परीक्षा काही काळ कायम ठेवावयाचीच असेल, तर निदान अर्जाची मुदत बारावीच्या निकालानंतर पंधरा दिवसांपर्यंत असावी, प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळावी, इंग्रजीचे गुण चाळिसांवरून वीसांवर आणून उरलेले वीस हिशेब व अर्थव्यवहाराला द्यावेत, आणि फेऱ्या संपल्यावर जी जागा रिकामी राहील ती बारावीच्या गुणांवर भरण्याची मुभा महाविद्यालयास त्याच आठवड्यात मिळावी.