चरबीचा कारभारी

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ सुजलेले पाय घेऊन दवाखान्यात आले. मधुमेह आहेच, पण शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचीच पायोग्लिटाझोन ही गोळी ते महिनाभर परस्पर घेत होते.

ही गोळी पेशीच्या केंद्रकातल्या 'पीपीएआर-गॅमा' या प्रथिनाला जागे करते. हे प्रथिन म्हणजे चरबीच्या कोठाराचा कारभारीच! एकीकडे ते नव्या चरबीपेशी घडवून जादा चरबी तिथे साठवते (हे १९९४ साली कळले), दुसरीकडे दाह वाढवणाऱ्या जनुकांना आवर घालते (हे १९९८ साली). कोठार अपुरे पडले की चरबी यकृतात, स्नायूंत साचते, आत दाह धुमसतो आणि इन्शुलिनचा प्रभाव पडत नाही.

मात्र हाच कारभारी मूत्रपिंडात मीठ-पाणी अडवतो. म्हणून पाय सुजतात. दुबळ्या हृदयाला तो भार झेपत नाही.

माझे स्पष्ट मत असे, की गोळी वाईट नाही, ती परस्पर घेणे वाईट. २०१३ साली सरकारने तिची विक्री थांबवली व मूत्राशयाच्या कर्करोगाचा इशारा छापण्याच्या अटीवर पुन्हा खुली केली, ती उगीच नव्हे.

वाचकहो, आधी कमरेला टेप लावा. पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल तर साखर तपासा, रोज चाला. गोळीचे मात्र आपल्या डॉक्टरांवर सोपवा.