आधी रोल, मग कॅमेरा

फिल्मवर फोटो काढायचे तर कॅमेरा नामांकितच हवा, हा समज या छंदात नव्याने येणाऱ्यांच्या मनात पक्का बसला आहे. १९२५ साली लायकाचा लहानसा कॅमेरा बाजारात आला आणि त्याच्यावर पुढे थोर कामे झाली, हे निर्विवाद आहे. पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्यापायी विद्यार्थ्यांचे पैसे भलत्याच ठिकाणी खर्च होतात. डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा सेन्सर आतच बसवलेला असतो, म्हणून कॅमेरा बदलला की चित्राची प्रत बदलते. फिल्मचा हिशेब निराळा. इथे प्रकाश टिपतो तो रोल. इलफर्डचा एचपी-५ प्लस लायकात घाला किंवा पेंटॅक्स के-१००० मध्ये, २४ × ३६ मिलिमीटरच्या चौकटीतले चांदीचे कण तेच राहतात. १९७६ ते १९९७ या काळात निघालेल्या या के-१००० चे शटर पूर्णपणे यांत्रिक आहे. बॅटरी लागते ती फक्त लाइट मीटरला. शिकणाऱ्याची गरज एवढ्यात भागते.

यावर पूर्वपक्ष असा, की चित्र घडते लेन्समुळे आणि उत्तम लेन्स मोठ्या नावांकडेच असते. लेन्सचे महत्त्व मान्यच आहे. मात्र त्या काळच्या एसएलआरबरोबर येणारी साधी ५० मिलिमीटरची लेन्सही एफ-८ वर इतकी धारदार असते, की नेहमीच्या आकाराच्या प्रिंटमध्ये नावाचा फरक शोधून सापडत नाही. फरक पडतो तो लेन्सच्या प्रकृतीने. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, आणि बुरशी धरलेली किमती लेन्स स्वच्छ साध्या लेन्सपुढे फिकीच ठरते. शटर मंदावलेले असते, मागच्या झाकणाचा फोम भुगा होऊन आत प्रकाश शिरतो. जुने मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनलेले. व्होल्टेज सावरण्याची सोय नसलेल्या मीटरला आजची १.५ व्होल्टची बॅटरी घातली, की तो प्रकाश जास्त दाखवतो आणि निगेटिव्हमधल्या सावल्या कोऱ्या राहतात. हे दोष ब्रँड पाहून येत नाहीत. नावासाठी मोजायचे पैसे कारागिराकडून कॅमेरा दुरुस्त करून घेण्यात घालावेत.

दुसरा आक्षेप रोलच्या किमतीचा, आणि तो खरा आहे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल इतिहासजमा झाला. आता परदेशी मालावाचून गत्यंतर नाही. पण त्यावर मुदत संपलेले स्वस्त रोल हा उपाय सांगितला जातो, तो घातक आहे. अशा फिल्मची संवेदनक्षमता घटते, धूसरपणा वाढतो, उन्हाळ्यात बाहेर राहिली असेल तर अधिकच. मग चूक आपली की फिल्मची, हे शिकणाऱ्याला कधीच कळत नाही. त्यापेक्षा कृष्णधवल फिल्मची १०० फुटांची रीळ घ्यावी; तिच्यातून ३६ चित्रांचे सुमारे अठरा रोल भरता येतात. स्लाइड फिल्म अर्ध्या स्टॉपची चूकही दाखवते, कृष्णधवल निगेटिव्ह मात्र एखाद्या स्टॉपचे जादा एक्स्पोजर सहज पोटात घालते. कॅमेरा घेताना मागचे झाकण उघडून पाहा, लेन्स उजेडासमोर धरा, शटरचे सगळे वेग कानाने ऐका. आणि उरलेल्या पैशांत एकाच जातीची फिल्म घेऊन वर्षभर तिच्यावरच काम करा.